आपला नसलेला कैदी



सरकारने कुणाला तुरुंगात टाकले तर त्यात आपण कशाला पडायचे, हा प्रश्न आपल्या वस्त्यांतून नेहमी विचारला जातो. विचारणारे बहुधा घरातले वडीलधारे असतात. त्यांना भित्रे ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ज्या बापाने जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबून पोराला शहरात शिकायला धाडले, ज्या घरात पहिलीच पगाराची नोकरी आली आहे आणि ज्या घराण्याने पिढ्यानपिढ्या चावडीवरची हाक ऐकून अंग चोरले, त्या बापाने 'बाबा रे, मोर्चात पुढे उभा राहू नकोस' असे म्हटले तर त्यात नवल ते काय? मीही अशाच घरातला आहे. आमच्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेला मी पहिला, आणि आज शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. म्हणून हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. तुमच्याबरोबर बसून तो सोडवून पाहणार आहे.

या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पहिला भीतीचा. दुसरा असा की, 'तो तुरुंगातला माणूस आपला कुठे आहे?' भीती कुणालाही वाटते, तिची लाज नाही. दुसरा प्रश्न मात्र शहाणपणाचा वेष घेऊन येतो आणि म्हणून अधिक फसवा आहे. मी जास्त बोलणार आहे ते या दुसऱ्याविषयी.

डॉ. आनंद तेलतुंबडे यांचे उदाहरण घ्या. यवतमाळ जिल्ह्यातील राजूर येथे १९५० साली एका गरीब दलित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपूरला अभियांत्रिकी, अहमदाबादला व्यवस्थापनशास्त्र, मग तेल कंपनीत मोठा हुद्दा, पुढे खरगपूरच्या आय.आय.टी.त आणि गोव्याच्या व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक. परमपूज्य बाबासाहेबांची नात रमाताई या त्यांच्या पत्नी. एवढे मिळाल्यावर माणूस बंगला बांधून स्वस्थ बसतो. यांनी लोकशाही हक्कांच्या चळवळीचे काम अंगावर घेतले, मुंबईतील लोकशाही हक्क संरक्षण समितीचे सरचिटणीसपद सांभाळले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चार जीवांची हत्या झाली. त्या हत्याकांडावर यांनी पुस्तक लिहून ते देशाबाहेरच्या वाचकांपर्यंत नेले. महाडच्या सत्याग्रहावरही त्यांनी मोठा ग्रंथ सिद्ध केला आहे.

३ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे पुणे पोलिसांनी त्यांना मुंबईच्या विमानतळावर अटक केली. अटकपूर्व जामिनासाठी दाद मागण्याची सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत संपलेली नसताना ही अटक झाली, म्हणून पुण्याच्या न्यायालयाने ती बेकायदा ठरवून त्याच दिवशी त्यांची सुटका केली. पुढे अटकपूर्व जामीन नाकारला गेला आणि १४ एप्रिल २०२० रोजी ते राष्ट्रीय तपास यंत्रणेपुढे हजर झाले. तारीख पुन्हा वाचा. टाळेबंदीमुळे त्या वर्षी आपण जयंती घराच्या उंबरठ्याआड साजरी केली होती. त्याच दिवशी बाबासाहेबांच्या घरचा जावई कोठडीत गेला. मुंबई उच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी जामीन मंजूर केला, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला आणि २६ नोव्हेंबरला, म्हणजे संविधान दिनी, ते तळोजा कारागृहातून बाहेर आले. मधे एकतीस महिने गेले. दहशतवादी कृत्य केल्याचा पुरावा प्रथमदर्शनी दिसत नाही, असे उच्च न्यायालयाला वाटले. ते बाहेर आले त्या दिवसापर्यंत खटल्याची सुनावणी सुरूसुद्धा झाली नव्हती.

आरोप काय होता? बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध आणि ३१ डिसेंबर २०१७ च्या पुण्यातील एल्गार परिषदेमागील कट. त्यांनी हे सर्व नाकारले आहे. खरेखोटे मी ठरवणार नाही, आणि तुम्हीही घरबसल्या ठरवू नका. तथागतांनी कालामांना सांगितले की ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, मोठ्याने सांगितले म्हणून काही मानू नका. हा उपदेश दोन्ही बाजूंना लागू आहे. पोलीस म्हणतात म्हणून माणूस दोषी मानायचा नाही, आणि आपल्या माणसांपैकी आहे म्हणून निर्दोषही मानायचा नाही. मग मानायचे कशावरून? पुरावा उघड्यावर मांडला जाईल, आरोपीला उत्तर देता येईल आणि तिसरा माणूस ते ऐकून निर्णय देईल तेव्हा. खटला म्हणतात तो याला. तो उभाच राहिला नाही आणि माणूस आत राहिला, तर ती शिक्षाच झाली. निवाडा तेवढा झाला नाही.

ज्या कायद्याखाली हे घडले तो बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा १९६७ चा आहे. २००८ च्या दुरुस्तीने त्यात असे घातले की, आरोपपत्र वाचून आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर न्यायाधीशाने जामीन द्यायचा नाही. आरोपपत्र लिहितो कोण? तपास करणाराच. तेही दाखल करायला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. त्याच खटल्यातील फादर स्टॅन स्वामी, झारखंडच्या आदिवासींत आयुष्य घालवलेला ख्रिस्ती धर्मगुरू, ८३ वर्षांचे वय, कंपवाताने हात थरथरणारे. पेला धरता येत नाही म्हणून पाणी प्यायला नळी आणि झाकणाचा पेला मिळावा यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यावर तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ रोजी ते कैदी म्हणूनच वारले. पेल्यासाठी अर्ज! चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्यांच्या वंशजांना याहून अधिक काय सांगावे?

आता आपल्यातली कुजबूज ऐका. डॉ. तेलतुंबडे आपल्याला रुचेल असेच लिहितात असे मुळीच नाही. भीमा-कोरेगावला १ जानेवारी २०१८ रोजी हल्ले झाले, त्याच सुमारास त्यांनी लिहिले की, त्या लढाईची जी कथा आपण सांगतो ती इतिहासाला धरून नाही आणि तिच्यामुळे जातीची ओळख पुसण्याऐवजी घट्ट होते. दर वर्षी मुलाबाळांना घेऊन विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जाणाऱ्या आपल्या लोकांना ते झोंबले. पुतळे, स्मारके, राखीव जागा, नेते, सगळ्यांवर त्यांची टीका. म्हणून काही जण म्हणाले, हा डावा आहे, हा आपला नाही, भोगू द्या. दुसरे काही जण म्हणाले, काही असो, बाबासाहेबांच्या घरचा जावई आहे, उभे राहिलेच पाहिजे.

बंधूंनो, मला दोन्ही उत्तरे सारखीच चुकीची वाटतात. पहिल्याने माणसाचा विचार तपासून त्याचा हक्क ठरवला, दुसऱ्याने सोयरीक तपासून. सोयरीक पाहून न्याय देण्याची रीत आपण चांगलीच ओळखतो. गावात वतनदाराच्या पोराने काही केले तर पंच घरी बसून मिटवत, आणि आपल्या पोराने केले तर झाडाला बांधत. तीच रीत आपण उलटी करून वापरायची का?

हा पेच आजचा नाही. १९७५ साली तो याहून मोठ्या आकारात आपल्यापुढे आला होता. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. ती २१ मार्च १९७७ पर्यंत टिकली. शहा आयोगाच्या आकडेवारीनुसार त्या काळात मिसाखाली सुमारे ३५,००० आणि भारत संरक्षण कायद्याखाली सुमारे ७५,००० माणसे कैदेत गेली. मिसाखालच्या माणसाला आरोप सांगायचा नाही, खटला भरायचा नाही. त्या वेळी आपल्या पुष्कळ घरांतून हेच म्हटले गेले: आत गेले ते जनसंघवाले, समाजवादी, बामण-मराठे, एकमेकांचे पाहून घेतील, आपल्याला काय? उलट सरकारने २० कलमी कार्यक्रम काढला, वेठबिगारी बंद करणारा कायदा केला, भूमिहीनांना जमिनी देण्याची घोषणा केली. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदाही १९७६ साली कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. आपले काही नेते आणि पँथरपैकीही काही जण त्या राजवटीच्या बाजूने बोलले. नामदेव ढसाळांनी 'प्रियदर्शिनी' लिहिली ती त्याच काळात. त्यांना गद्दार म्हणण्याची घाई मला नाही. उपाशी माणसाला भाकर आणि भाषणस्वातंत्र्य यांतून निवड करायला लावली तर तो भाकरीकडे पाहणारच.

पण भाकर देणारा हात दुसरेही काही करत होता. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा होता होता राहिले. सक्ती होते तेव्हा पहिला कोण सापडतो ते तुम्हाला सांगायला नको. ज्याला वकील माहीत नाही, ज्याचे शिधापत्रक अडवता येते, ज्याची मजुरी रोखता येते, तोच. आणि वर्तमानपत्रावर अभ्यवेक्षण असेल तर त्याची ओरड छापायची कुणी? जमिनीचा पट्टा हातात आला आणि मालकाने तो दुसऱ्या दिवशी हिसकावला, तर तक्रार कुणाकडे न्यायची? ज्या राज्यात दाद मागता येत नाही, तेथे मिळालेली जमीनसुद्धा मालकाच्या मर्जीवर राहते. गावकीतले आपले बलुते असेच मर्जीवर होते. मिळायचे, पण मागता यायचे नाही.

त्या काळच्या कैद्यांपैकी एका बाईंविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण त्यांचे काम आपल्या धम्माशी जोडलेले आहे आणि ते आपल्यातील थोड्यांनाच ठाऊक आहे. दुर्गाबाई भागवत. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या त्या अध्यक्षा होत्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे प्रत्यक्ष केंद्रातले मंत्री. जयप्रकाश नारायण तेव्हा आजारी होते. त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन दुर्गाबाईंनी त्या मंडपात सर्वांना केले. नंतर त्या ठिकठिकाणी लेखनस्वातंत्र्यावर निर्भयपणे बोलत राहिल्या, आणि १९७६ साली त्यांना मुंबईत एशियाटिक ग्रंथालयातून पकडून नेले. पासष्टी ओलांडलेली बाई, हत्यार म्हणजे ग्रंथ. त्यांच्या पहिल्या संशोधनाचा विषय कोणता होता? पाली विनयातील न्यायव्यवस्था. भिक्षुसंघात अपराधाची चौकशी कशी होते, यावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झालेला आहे.

ती चौकशी कशी होत असे ते थोडे पाहू. मला स्वतःला हा भाग फार मोलाचा वाटतो, आणि विहारातील प्रवचनांत तो क्वचितच येतो. वाद मिटवण्याचे सात मार्ग विनयात सांगितले आहेत. त्यांतला पहिला संमुखाविनय. ज्याच्यावर आरोप आहे तो समोर हजर पाहिजे, संघ हजर पाहिजे, धम्म आणि विनयाचे नियम समोर पाहिजेत, तेव्हाच निर्णय. पाठीमागे झालेला निर्णय हा निर्णय नव्हे. दब्ब मल्लपुत्त नावाचा एक भिक्षू होता. आलेल्या भिक्षूंना निवासाच्या आणि भोजनाच्या जागा नेमून देण्याचे काम त्याच्याकडे असे. मेत्तिय आणि भुम्मजक यांना वाटले की, आपल्या वाट्याला मुद्दाम निकृष्ट जेवण येते. त्या रागातून एका भिक्षुणीकडून दब्बावर अत्यंत गंभीर आरोप करवण्यात आला. तथागतांना दब्ब कसा आहे हे माहीत होते. तरीही त्यांनी संघ बोलावला, दब्बाला समोर उभे केले आणि सर्वांदेखत विचारले की असे केल्याचे तुला आठवते का? दब्ब म्हणाला, जन्मल्यापासून स्वप्नातही असे केल्याचे मला आठवत नाही. चौकशी झाली, बनाव उघडकीस आला. त्यावरून नियम झाला तो असा: निराधार आरोप करून दुसऱ्या भिक्षूला संघाबाहेर घालवू पाहणे हाच मोठा अपराध, संघादिसेस.

विचार करा. पोलीस नाही, तुरुंग नाही, फाशी नाही, फार तर संघाबाहेर जावे लागेल, एवढ्याच शिक्षेसाठी अडीच हजार वर्षांपूर्वी एवढी काळजी घेतली गेली. आरोप तोंडावर सांगायचा, उत्तर ऐकायचे, खोटा आरोप करणाराही जबाबदार धरायचा. त्या नियमांचा अभ्यास करणारी बाई विसाव्या शतकात आरोपाशिवाय, खटल्याशिवाय कोठडीत बसली.

बाबासाहेबांनी संविधानात हीच काळजी लिहून ठेवली. कलम २१ मधील शब्दयोजनेवर टीका झाली तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी स्वतःहून नवे कलम आणले, ते आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगा, वकील गाठू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. आणि कलम ३२, मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचे कलम, हे संविधानाचे हृदय आणि आत्मा असल्याचे ते ९ डिसेंबर १९४८ रोजी म्हणाले होते. आपण हे वाक्य भिंतीवर लिहितो. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आणीबाणीत हे दार बंद करण्याची सोय करणारे कलम ३५९ त्याच संविधानात आहे आणि त्याचे समर्थनही बाबासाहेबांनीच केले. ह. वि. कामत या सभासदांनी संविधान सभेत त्याला फार कडक शब्दांत विरोध केला होता. राष्ट्रावरच संकट आले तर काय, हा बाबासाहेबांपुढचा प्रश्न होता. स्वतःच्या खुर्चीवरील संकटाला कुणी राष्ट्राचे संकट म्हणेल तर काय, ही कामतांची शंका होती. १९७५ ने कामतांची शंका खरी करून दाखवली. बाबासाहेबांची थोरवी यामुळे कमी होते असे ज्यांना वाटते, त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ चे त्यांचे भाषण पुन्हा वाचावे. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यांनी त्यात दिला आहे. तो इशारा त्यांच्या अनुयायांनाही आहेच.

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो या प्रश्नावर की, आणीबाणीत बेकायदा पकडलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येईल का. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी 'येईल' म्हटले होते. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी विचारले की, पोलिसाने केवळ वैरापायी एखाद्याचा जीव घेतला तर? सरकारच्या महान्यायवादींना कबूल करावे लागले की तेव्हाही दाद नाही. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकटे न्या. हंसराज खन्ना विरुद्ध गेले. पुढल्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमले आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही थांबवता येणार नाहीत असे ठरले, आणि तो जुना निकाल खुद्द सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली चुकीचा ठरवला.

आता सर्वांत कठीण उदाहरणाकडे येतो. ते आपल्याच शहरातले आहे. 'मराठवाडा' या वृत्तपत्राचे संपादक अनंत भालेराव. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढलेला माणूस. आणीबाणीत त्यांना कैद झाली. आणि हेच अनंत भालेराव, हेच त्यांचे पत्र, पुढे नामांतराच्या विरोधात उभे राहिले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारले. माझ्या आधीच्या पिढीने ते दिवस भोगले. ज्यांच्या घराचे पत्रे जळून वाकले त्यांच्यापुढे मी 'अनंतरावांचा तुरुंगवास' असा शब्द काढला तर ते माझ्या तोंडाकडे पाहतील, हे मला ठाऊक आहे.

तरी काढतो. १९७५ साली त्यांना विनाचौकशी कैद करणे अन्याय होता की नाही? ते नंतर काय वागले यावरून त्या अन्यायाचे माप बदलते का? बदलते असे म्हणाल, तर हक्क हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस होऊन बसेल, आणि बक्षीस देणारा परीक्षक नेहमी सत्तेवरचाच असेल. त्याच्या परीक्षेत आपण किती वेळा उतरलो? १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून निघालेला लाँग मार्च वाटेत अडवला, लोकांना पकडले, तेव्हा पकडणाऱ्यांच्या लेखी आपण 'शांतता भंग करणारे' होतो. खैरलांजीनंतर विदर्भात आपली माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हा यामागे नक्षलवादी असावेत अशी भाषा सत्तेवरच्या लोकांनी केली. डॉ. तेलतुंबड्यांना चिकटवलेला शिक्का त्याआधी कित्येक वर्षे आपल्या आयाबहिणींच्या मोर्चाला चिकटवून झालेला होता.

याचा अर्थ अनंतरावांना, किंवा त्यांच्यासारख्या इतर लोकशाहीवाद्यांना, मी मोकळे सोडतो असा करू नका. आणीबाणीत ज्यांनी माणसाच्या हक्कासाठी तुरुंग पत्करला, त्यांच्यातल्या कित्येकांना सव्वा वर्षाने जळत्या बौद्धवाड्यांतला माणूस का दिसला नाही, हा प्रश्न त्यांच्या चरित्रांना चिकटलेलाच राहणार. बाहेरून काही अभ्यासक आणि कार्यकर्ते आले, गावोगाव फिरले, अहवाल लिहिले, त्यांची आठवण आपण ठेवली पाहिजे. त्यांतले बहुतेक आपल्या जातीचे नव्हते, धम्माचे नव्हते. 'तो आपला कुठे आहे' हा प्रश्न त्यांनी आपल्याविषयी विचारला असता तर?

नागसेनवनातून जाताना मला पुष्कळदा वाटते की, या परिसराच्या नावातच उत्तर ठेवून बाबासाहेब गेले. मिलिंद महाविद्यालय हे नाव त्यांनी उगाच दिले नाही. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हा भिक्षू. वाद सुरू होण्यापूर्वीच नागसेनाने अट घातली. राजा, तू पंडिताप्रमाणे वाद घालणार असशील तर मी बोलतो, राजाप्रमाणे घालणार असशील तर बोलत नाही. फरक काय, असे राजाने विचारले. पंडितांच्या वादात गुंडाळणे असते, उलगडणे असते, चूक दाखवणे असते, पण कुणी रागावत नाही. राजांच्या वादात मात्र जो विरुद्ध बोलतो त्याला दंड होतो. हातात सर्व सत्ता असलेल्या त्या राजाने अट कबूल केली. म्हणून तर 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ झाला. त्याने त्या भिक्षूला तुरुंगात टाकले असते तर राजाचे नावही आज कुणाला आठवले नसते. डॉ. तेलतुंबड्यांचे भीमा-कोरेगावविषयीचे मत तुम्हाला चुकीचे वाटते? मग मिलिंदासारखे वाद घाला. मीही त्यांच्याशी सर्वत्र सहमत नाही. पण माझा वाद तुरुंगाने जिंकून द्यावा, असे मला नको आहे.

राहिला भीतीचा प्रश्न. त्याचे उत्तर माझ्याजवळ एका शब्दात नाही. मुसावादापासून विरत राहण्याचे शील आपण घेतो. न बोलणे हे खोटे बोलणे आहे का? नेहमी नाही. तथागत स्वतः सत्य आणि हितकर गोष्टही योग्य वेळ पाहून बोलत, असे अभयराजकुमार सुत्तात आहे. ज्या घरात एकच कमावता आहे त्याने मोर्चाच्या पुढच्या रांगेत उभे राहावे, असे मी कुणालाही सांगणार नाही. पण पुढच्या रांगेपासून घराच्या कोपऱ्यापर्यंत मधे बरीच जागा आहे. कैद्याच्या घरी जाऊन त्याच्या म्हाताऱ्या आईजवळ बसता येते. वकिलाच्या वर्गणीत वीस रुपये टाकता येतात. निदान चहाच्या टपरीवर 'काहीतरी केलेच असेल, त्याशिवाय का पकडतात' हे वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही, एवढे पाहता येते. यात कुणाची नोकरी जात नाही.

आणखी एक. अजिंठ्याची लेणी पाहायला सहल जाते तेव्हा हर्सूलचा तुरुंग वाटेवर लागतो. मुले विचारतात, सर, आत कोण असते? चोर असतात, असे सांगून गाडी पुढे नेता येते. मी त्यांना कलम २२ सांगतो. तुम्हीही घरी हे करून पाहा. विहारात संविधानाची मराठी प्रत असेल तर एखाद्या रविवारी वंदनेनंतर कलम २१, २२, ३२ आणि ३५९ एवढी चार कलमे आठवी-नववीतल्या मुलामुलींकडून मोठ्याने वाचून घ्या. कलम २२ चे पोटकलम तीन वाचताना थांबा. प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली धरलेल्या माणसाला चोवीस तासांची अट लागू नाही, असे तेथे लिहिले आहे. बायाबापड्यांना ते समजावून सांगा. आणि प्रत फार जुनी असेल तर ३५९ मध्ये १९७८ ची दुरुस्ती छापली आहे की नाही, तेवढे आधी पाहून घ्या.